झाडावरचं जाळं: आधी ओळख, मग कात्री



या मालिकेसाठी मला फोन आला, तेव्हा पलीकडच्यांची अपेक्षा होती की फौजेतून निवृत्त झालेला माणूस सीमेवरच्या गोष्टी सांगेल. मी म्हटलं, मला झाडावरच्या अळ्यांच्या जाळ्यांबद्दल बोलायचं आहे. दोन क्षण फोनवर काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "चालेल, साहेब, पण लोक ऐकतील का?" आता तुम्ही ऐकायला बसलाच आहात, म्हणून कामाचं तेवढंच बोलतो.

मी कीटकशास्त्रज्ञ नाही. पदवीला प्राणिशास्त्र होतं, नंतर नोकरी फौजेत, आणि निवृत्तीनंतर लखनौला स्थायिक झालो. आमच्या आजूबाजूला आंब्याच्या बागा आहेत, मलिहाबाद जवळ आहे. सकाळच्या फेरफटक्यात झाडं बघायची सवय लागली आणि हळूहळू ओळखीपाळखीचे लोक फोटो पाठवायला लागले. इंदूरहून, बडोद्याहून, बेळगावहून, हैदराबादहून. प्रश्न एकच असतो: "झाडाला जाळं लागलंय, काय करू?" पण खरं सांगू का, बहुतेकांचं काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. कोणी औषधाचा पंप भरून ठेवलेला असतो, कोणी बांबूला चिंध्या गुंडाळून रॉकेलचा पलिता तयार केलेला असतो, आणि कोणी झाड तोडणाऱ्याला फोन केलेला असतो. मला फक्त होकार भरायचा असतो.

फौजेत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट अंगात मुरवतात. समोर हालचाल दिसली म्हणून गोळी झाडायची नाही. आधी ओळख पटवायची. आपला आहे, परका आहे, की वाट चुकलेला गुराखी आहे? झाडावरच्या जाळ्यालाही हाच नियम लावा. कारण झाडावर रेशीम विणणारे पुष्कळ आहेत. त्यातले काही झाडाचं नुकसान करतात, काही झाडाची राखण करतात आणि काही तिथे फक्त बिऱ्हाड करून राहतात.

सुरुवातीला शब्दांचा एक गोंधळ दूर करू. मराठीत आपण म्हणतो, "पानांची जाळी झाली." सागाच्या जंगलात पावसाळ्याच्या शेवटी हे दिसतं. चंद्रपूर, मेळघाट, बैतूलकडून जाताना लांबून अख्खा डोंगर करपल्यासारखा वाटतो. जवळ जाऊन पान उजेडात धरलं तर हिरवा गर गेलेला असतो आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी उरलेली असते. ते पान पोखरून खाणाऱ्या एका बारीक अळीचं काम. तिथे कापायला कुठलंही घरटं नसतं. सागाची वाढ त्या वर्षी कमी होते, पण धडधाकट झाड त्यानं सहसा मरत नाही. तेव्हा कोणी "जाळी" म्हटलं, की पहिला प्रश्न विचारायचा: पानाची जाळी की रेशमाचं जाळं?

रेशमाचं जाळं असेल, तर झाडाखाली उभं राहून पाच गोष्टी बघायच्या. जाळं झाडावर नेमकं कुठे आहे: फांद्यांच्या बेचक्यात, फांदीच्या टोकाला की खोडावर? त्यात गुंफलेली पानं हिरवी आहेत की वाळलेली? आत काय आहे: अळ्या, त्यांच्या काळ्या लेंड्या, मुंग्या, की मेलेल्या माश्यांची टरफलं? आतला जीव एकटा आहे की टोळीनं राहतो? आणि पाचवी गोष्ट, महिना कोणता आणि वेळ कोणती? एवढ्या पाच उत्तरांवर बहुतेक जाळ्यांची ओळख पटते. चष्मा, मोबाईलचा कॅमेरा आणि पाच मिनिटं धीर, एवढंच सामान लागतं.

आता एकेक घेऊ.

बेचक्यातल्या जाळ्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हिमाचलात दिसतं. शिमल्याच्या डोंगरांत सफरचंदाच्या बागांमध्ये एक सुरवंट आहे, शास्त्रीय नाव मॅलॅकोसोमा इंडिका. त्याला तंबू सुरवंट म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. मार्च महिन्यात सफरचंदाला पालवी फुटते, त्याच सुमारास अंडी फुटतात. सगळी भावंडं मिळून दोन फांद्यांच्या बेचक्यात पांढऱ्या रेशमाचा तंबू ठोकतात. दिवसभर आत विश्रांती आणि अंधार पडला की बाहेर पडून पानांवर धाड. पहाटे परत तंबूत. साधारण दीड-दोन महिने हा क्रम चालतो. मग ते खाली उतरून पालापाचोळ्यात कोष करतात आणि मे-जूनमध्ये पतंग बाहेर येतात. प्रादुर्भाव मोठा असेल तर झाड पार उघडं पडतं, आणि पानं संपली की कोवळ्या फांद्यांची सालही कुरतडली जाते.

आता या वेळापत्रकात आपल्या फायद्याचं काय आहे बघा. तंबूतले सगळे दिवसा घरी असतात. म्हणजे तंबू काढायचा तो भर दिवसा, सगळे आत असताना. रात्री काढलात तर रिकामी राहुटी हाती येईल आणि टोळी फांद्यांवर मोकळी.

पण त्याहून महत्त्वाचं मला शिकवलं एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी. माझी नेमणूक त्या भागात असताना त्यांच्या बागेत जाणं व्हायचं. पेन्शनीतले पैसे घालून त्यांनी कोवळी झाडं लावली होती, पहिलं फळ यायचं होतं. पान गेलं तर त्यांचं त्या सालचं सगळं गेलं. डिसेंबरातली थंडी, झाडं निष्पर्ण, आणि हे काठीनं एकेक बारीक फांदी दाखवत होते. फांदीभोवती चुडा भरल्यासारखा एक पट्टा होता, अंड्यांना अंडी चिकटून बसलेली. अशा एका चुड्यात २०० ते ४०० अंडी असतात. पतंग जूनच्या आसपास ती घालून मोकळा होतो आणि जवळजवळ नऊ महिने ती तशीच फांदीला चिकटून राहतात, हिवाळा काढतात. डिसेंबर-जानेवारीत सफरचंदाची छाटणी होतेच. त्या छाटणीत चुडा असलेली फांदी कापली आणि नष्ट केली की मार्चमध्ये तंबू उभाच राहत नाही. औषध नाही, पंप नाही. फक्त कात्री आणि नजर.

इथे एक इशारा देतो, कारण आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशात आहेत आणि तिकडचे व्हिडिओ आपल्या मोबाईलवर येत असतात. अमेरिकेत उन्हाळा सरता सरता फांद्यांच्या टोकांना मोठमोठी पांढरी जाळी दिसतात. तो वेगळा सुरवंट, नाव हायफांट्रिया क्युनिया. हा तंबू बेचक्यात ठोकत नाही. फांदीचं टोक पानांसकट जाळ्यात गुंडाळतो आणि आत बसूनच खातो. पानं संपली की जाळं पुढे वाढवतो. मूळचा तो उत्तर अमेरिकेचा. १९४० मध्ये हंगेरीत आणि १९४५ मध्ये जपानमध्ये तो सापडला आणि तिथून पसरला. तुमचा मुलगा न्यू जर्सीहून जो उपाय सांगतो, तो त्याच्या अंगणातल्या जाळ्यासाठी बरोबर असेल. नागपूरच्या आंब्यावर तो तसाच लागू करू नका. जागा, झाड आणि महिना जुळल्याशिवाय व्हिडिओतलं नाव आपल्या झाडाला चिकटवायचं नाही.

आता आपल्या आंब्याकडे येऊ. आंब्यावर पावसाळ्यापासून थंडी सुरू होईपर्यंत जी जाळी दिसतात, ती बहुतेक वेळा पानं गुंफणाऱ्या अळीची असतात. शास्त्रीय नाव ऑर्थागा. ओळख सोपी आहे: फांदीच्या शेंड्याकडची पाच-दहा पानं रेशमानं एकमेकांना चिकटवून गुच्छ केलेला, पानं वाळून तपकिरी झालेली, आत काळ्या लेंड्यांचा भुगा, आणि गुच्छ उघडला की चपळ अळी मागच्या मागे सरकते. लांबून झाडावर जळके डाग पडल्यासारखे दिसतात. चिकूवरही असाच प्रकार दिसतो, तिथली अळी वेगळी आणि गुलाबीसर पट्ट्यांची. डहाणू-घोलवडकडच्या बागायतदारांना ती मी ओळख करून द्यायची गरज नाही.

आमच्या वसाहतीत ४० वर्षांचं एक दशहरीचं झाड आहे. त्याच्या सावलीत भाजीवाला बसतो, शाळेची बस थांबते. एका वर्षी सप्टेंबरमध्ये त्यावर असे जळके गुच्छ दिसायला लागले, आणि बैठकीत ठराव आला: झाडाला रोग लागलाय, अळ्या मुलांच्या अंगावर पडतील, तोडून टाका. ठराव मांडणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्या नातीच्या अंगावर पुरळ उठलं होतं आणि ते काळजीत होते. मी एवढंच म्हटलं, मतदान उद्या करू, आज दुर्बीण घेऊन खाली जाऊ.

खाली गेलो. फांदीचं टोक, वाळकी पानं, लेंड्या. एक गुच्छ आकडीनं ओढून पांढऱ्या चादरीवर उघडला. आतली अळी गुळगुळीत, अंगावर केसांचं आवरण नाही. पुरळ उठतं ते बहुतेक केसाळ सुरवंटांच्या केसांनी. या अळीकडे ते हत्यारच नव्हतं. पुढचे दोन रविवार आम्ही चौघांनी लांब बांबूला आकडी आणि कात्री बांधून गुच्छ काढले, गोणपाटात भरले आणि साबणाच्या पाण्यात बुडवले. झाडाखालची माती उकरून उलटवली, कारण यातल्या पुष्कळ अळ्या कोष करायला मातीत उतरतात. मग माहितगार माळ्याला बोलावून मधल्या दाट फांद्या विरळ करून घेतल्या. ही अळी दाट, अंधाऱ्या, फांद्यांत फांद्या अडकलेल्या बागेत जास्त माजते. आत ऊन-वारा गेला की तिची सोय मोडते. लखनौजवळ रहमानखेड्याला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची उपोष्ण बागायती संस्था आहे. तुमच्याकडे कृषी विज्ञान केंद्र असेल, कृषी विद्यापीठ असेल. सल्ला तिथून घ्या, औषधाच्या दुकानातून नाही. झाड अजून उभं आहे, बस अजून त्याच्याच सावलीत थांबते.

आणि लक्षात घ्या, बंद गुच्छावर नुसता फवारा मारला तर औषध वरच्या वाळक्या पानांवरून ओघळतं. अळी आत कोरडीच राहते. तेच औषध खाली भाजीवर आणि मुलांच्या झोपाळ्यावर मात्र नक्की पडतं. म्हणून आधी गुच्छ काढा किंवा फोडा. त्यानंतरही फवारणीची गरज उरली, तर ती जाणकाराच्या सल्ल्यानं करा.

तिसरी जागा खोड. आंबा, पेरू, जांभूळ, बोर, शेवगा, गुलमोहर, अशा कितीतरी झाडांवर खोडाच्या बेचक्याजवळ तपकिरी, मळकट पट्टे दिसतात. वाळवी लागली असं लोक समजतात. वाळवीचा थर मातीचा असतो, बोट लावलं की चुरा होतो. हे पट्टे लाकडाचा भुगा आणि विष्ठा रेशमात विणून केलेले असतात, ओढले तर फितीसारखे निघून येतात. ही साल खाणारी अळी, इंडरबेला. पट्टा झाडून काढला की बेचक्यात एक भोक दिसतं. अळी दिवसा भोकात, रात्री या झाकलेल्या वाटेनं बाहेर येऊन साल खाते. इथे टोळी नसते. एका भोकात एकच अळी असते, पण ती नऊ-दहा महिने मुक्काम ठोकते. पट्टे ब्रशनं साफ करायचे, भोकात लवचीक तार घालून अळी मारायची, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवायचा आणि तोंड चिखलानं लिंपायचं. सप्टेंबर-ऑक्टोबर ही यासाठी चांगली वेळ. खोडाकडे आपण सहसा बघतच नाही, म्हणून ही अळी सगळ्यात निवांत राहते.

आता आपल्या बाजूचे. यांना ओळखणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पलित्यात सगळ्यात आधी हेच जळतात.

फांदीवर हिरव्यागार, जिवंत पानांचा फुटबॉलएवढा गोळा दिसला, पानांच्या कडा पांढऱ्या रेशमानं शिवलेल्या आणि वर तांबूस मुंग्यांची ये-जा, तर हात मागे घ्या. कोकणात यांना उंबील म्हणतात. त्यांचं विणकाम बघण्यासारखं असतं. मोठ्या मुंग्या रांगेनं पानाच्या कडा ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून धोट्यासारख्या या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. रेशीम त्या अळ्यांचं असतं. या मुंग्या चावतात कडकडून, हे मान्य. पण त्या झाडावरचे किडे आणि अळ्या पकडून खातात, म्हणजे झाडाला फुकटचा पहारा. बस्तरमध्ये आणि ओडिशात यांची चटणी करतात. मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खूण लक्षात ठेवा: पान हिरवं आणि वर मुंग्या, तर पहारेकरी. पान वाळकं आणि आत लेंड्या, तर अळी.

दख्खनच्या पठारावर, गुजरातेत, राजस्थानात काटेरी झुडपांवर मळक्या स्पंजासारखा रेशमी गोळा दिसतो. त्याला भोकं असतात, भोवती जाळ्याचे पडदे पसरलेले असतात आणि त्यात माश्यांची, टोळांची टरफलं अडकलेली असतात. हे सामाजिक कोळी, स्टेगोडायफस. एकाच घरट्यात कित्येक जणी एकत्र राहतात आणि मिळून शिकार करतात. टरफलं दिसली म्हणजे आतला मांसाहारी आहे. त्याला तुमच्या पानात काही रस नाही.

आणि फांदीच्या टोकाला लोंबणारी मळकी थैली, बाजूला दार आणि दारावर छोटं छप्पर? ते शिंजीर पक्ष्याचं घरटं. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, अगदी सुरवंटाच्या लेंड्यासुद्धा लावून तो ते असं सजवतो की कचरा वाटावा. शिंपी पक्षी रुंद पानं टाचून आत घर करतो. पलित्याच्या एका फटक्यात यातली पिल्लं जातात, आणि हीच पाखरं दिवसभर झाडावरच्या अळ्या वेचत असतात. आपल्या कवितांतला चातक पावसाच्या थेंबावर जगतो. खरा चातक पावसाबरोबर येतो आणि केसाळ सुरवंट खातो, ज्यांना बाकीचे पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. पावशाही तेच करतो.

शेवटी चार सूचना.

पहिली, झाडावर आग लावायची नाही. सालीखाली जिवंत थर असतो, तो भाजला तर फांदी मरते. अळीनं खाल्लेलं पान पुन्हा फुटतं, भाजलेली फांदी फुटत नाही. जाळं कापून खाली आणा, मग साबणाच्या पाण्यात बुडवा.

दुसरी, केसाळ सुरवंटाला उघड्या हातानं शिवायचं नाही. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांना चष्मा. केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून ते उचला आणि साबणानं धुवा. डोळ्यात गेले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

तिसरी, नुकसान मोजा. मोठ्या धडधाकट झाडावर चार-पाच जाळी म्हणजे संकट नव्हे. नुकतं लावलेलं रोप, आजारी झाड, किंवा ज्यावर कोणाचं पोट आहे ती बाग, इथे मात्र पहिल्या जाळ्यालाच हालचाल करा.

चौथी, झाड तोडणं हा अळीवरचा उपाय नाही. शहरात तो परवानगीशिवाय करताही येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, दिल्लीत १९९४ चा आहे. तुमच्या राज्यातला नियम नगरपालिकेत विचारा.

मला फोटो पाठवायचे असतील तर एक नाही, चार पाठवा. अख्खं झाड, जाळं फांदीवर कुठे आहे ते, जाळं जवळून, आणि उघडलेल्या जाळ्याच्या आतलं. सोबत झाडाचं नाव, गाव आणि महिना लिहा. अनेकदा हे चार फोटो काढता काढताच तुम्हाला उत्तर सापडेल आणि मला पाठवायची गरजही पडणार नाही. तेच उत्तम.

 जय हिंद.